दाखला मागणारे शामराव

आमचे शेजारी शामराव एकदा स्वतःलाच फाटकावर अडवून घरी परत आले होते. कारखान्याच्या फाटकावर पास तपासायची त्यांची नोकरी, आणि त्या दिवशी स्वतःचाच पास घरी विसरलेला. बायको म्हणाली, अहो, तिथे सगळे तुम्हाला ओळखतात ना? तर म्हणाले, "ओळखीवर सोडायचं, तर फाटक कशाला बांधलंय?"

कानडी मुलखात, बसवनगुडीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, तुम्ही मराठी कशावरून? मी त्यांना दारातच असं काही सुनावलं की आत माझी सासू तोंडाला पदर लावून हसत होती. शामरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरी अक्का, बरोबर आहे. दाखला पटला."

पुढे नोकरी संपली, पण फाटक काही संपलं नाही. गॅसवाला पाच वर्षं तोच, तरी कार्ड बघितल्याशिवाय सिलिंडर उंबऱ्याच्या आत येत नसे. अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा आजच तोडल्यात कशावरून, हे भाजीवालीला रोज विचारायचे. शेवटी ती त्यांचं दार सोडून पुढे जाऊ लागली. पूजेला आलेल्या गुरुजींनी गोत्र विचारलं, तर यांनी आधी गुरुजींचं विचारलं.

बायको गेली. मुलगी सुधा शिकायला अमेरिकेला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. कोणी तिची चौकशी केली की शामराव म्हणायचे, ती तिकडे, मी इकडे, मला अमेरिकेशी काय करायचंय.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. गल्लीत कॉम्प्युटर असलेलं तेव्हा ते एकच घर. सुधा एका सुट्टीत आली तेव्हा तिनेच तो मांडून दिला होता. फोनच्या तारेवरून तिच्या तिकडच्या कॉम्प्युटरात शिरायचं आणि पत्रं वाचायची. काळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप करायचा, मग नाव, मग खुणेचा शब्द. पण त्याआधी तिकडचा कॉम्प्युटर आपला दाखला पुढे करतो आणि इकडचा तो तपासतो. हे कळलं त्या दिवशी शामराव मुद्दाम मला सांगायला आले. जगात आपल्या स्वभावाचं कोणीतरी सापडलं, असा चेहरा होता.

मग एका सकाळी तेच यंत्र त्यांच्यावर उलटलं. सुधाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. ते झालं की तिची मैत्रीण घरी येऊन पत्र लिहून ठेवणार आणि पुन्हा दवाखान्यात जाणार, असं ठरलं होतं. त्यामुळे फोन लावला तर नुसता वाजायचा. आणि कॉम्प्युटर पत्रापर्यंत जाऊ देईना. शामरावांनी पडद्यावरचं मला मराठीत करून सांगितलं: दाखला अजून लागू झालेला नाही.

त्यांच्या माडीवर पुण्याची मेधा भाड्याने राहायची. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करायची. ती बसच्या घाईत खाली आली, उभ्याउभ्या काहीतरी टाइप केलं आणि म्हणाली की तिकडच्या लोकांनी आज पहाटेच नवा दाखला काढलाय, एवढंच. तारीख-वेळ बरोबर आहे ना, असं तिने विचारलं. शामराव म्हणाले, अगदी बरोबर.

"मग काका, तरी पुढे जायचं का असं विचारतंय ना, वाय दाबा आणि पुढे जा. सगळे तेच करतात."

"दारात अनोळखी माणूस आला, तर बेल वाजवली म्हणून आत घेशील?"

मेधाची बस आली. ती गेली.

शामराव पुन्हा पुन्हा तोच हुकूम टाइप करत राहिले. वाय काही दाबला नाही. मी म्हटलं, पोरगी तिकडे पडलीय आणि तुम्ही कागद काय तपासताय? ते म्हणाले, "तिचंच आहे, म्हणून तर तपासतोय."

मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत घालताना वडिलांनी माझ्या जन्माचं साल चुकून पुढचं लिहिलं होतं. हेडमास्तर म्हणाले होते, या कागदाप्रमाणे ही मुलगी अजून जन्मलेलीच नाही, बसवू कुठे? ते मला एकदम आठवलं. म्हणजे खोट दाखल्यातच असेल असं नाही. तो तपासणारा मागच्या तारखेत बसला असला तरी तसंच होणार.

बसचे नंबर वाचता येतात तेवढं इंग्रजी मला येतं. मी पडद्याचा खालचा कोपरा बघितला. बाहेर दहाचं ऊन, आणि तिथे कालची तारीख, रात्रीचे साडेअकरा.

"राव, याचं घड्याळ चुकलंय."

"बरोबर आहे."

"कुठल्या गावचं बरोबर?"

शामरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तिच्या," ते म्हणाले. "आता जागी असेल की निजली असेल, ते बघायला."

म्हणजे हा माणूस रोज कालच्या दिवसात बसून होता, आणि आज पहाटेचा दाखला त्याच्या यंत्राला अजून उजाडायचाच होता. मी म्हटलं, यंत्राला आपल्या गावचं खरं सांगा आधी.

त्यांनी घड्याळ पुढे केलं, हुकूम टाइप केला. दाखला पटला. मैत्रिणीचं पत्र चार ओळींचं होतं. ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर येताच सुधाने डॉक्टरला विचारलं, काढलंत ते माझंच कशावरून?

शामराव इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पाणी मात्र हसू संपल्यावरही थांबेना. मी भाजी चिरायची राहिलीय म्हणून उठले.

आमच्या घरी यजमानांचं एक जुनं भिंतीवरचं घड्याळ पडून होतं. संध्याकाळी किल्ली देऊन मी ते शामरावांकडे घेऊन गेले. म्हटलं, हे स्वयंपाकघरात लावा, तिकडची वेळ यात ठेवा.

शामरावांनी ते कानाला लावलं. मग काटे साडेदहा तास मागे नेले आणि चुलीवरच्या खिळ्याला टांगलं. मी दारात थांबले होते. घड्याळ नीट चालतं कशावरून, हे आता विचारतील म्हणून.

विचारलं नाही.