खारवण्याची आगगाडी

भिंतीवरच्या घड्याळाचे सेल संपले होते. आता बदलापुरात सेल मिळत नाहीत अशातला भाग नाही, आमच्या शिरगावच्या नाक्यावर पानवाल्याकडेसुद्धा मिळतात. पण रविवार होता, किर्तीने माळा साफ करायला काढला होता, आणि अशा वेळी नवऱ्याला नेमकं लांबच्या गावचं काम आठवतं. "उल्हासनगरला चांगले मिळतात," असं म्हणून मी स्कूटरला किक मारली.

हरेशभाईंच्या दुकानात टाचणीपासून झुंबरापर्यंत सगळं मिळतं. त्या दिवशी काउंटरवर एक छोटी आगगाडी गोल रुळांवरून फिरत होती. हिरवं इंजिन, मागे तांबडे डबे. मी सेल मागायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"साईं, बच्चे के लिए?" हरेशभाईंनी विचारलं.

"हो ना," मी म्हणालो. (आमची तेजल पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.)

घरी आल्यावर किर्तीने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सेल कुठेत?"

सेल राहिलेच होते.

पहिले काही दिवस गाडी हॉलमध्ये जमिनीवर फिरली. पण नुसत्या गोल फिरणाऱ्या गाडीला गाव नसतं हो, आणि गावाशिवाय गाडी म्हणजे पंखाच की. मग एकदा कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर परदेशातल्या एका आगगाडीचा व्हिडिओ पाहिला. मोठ्या लाइनीपासून फुटलेला एवढासा फाटा, शेतांमधून डुलत जाणारं एवढंसं इंजिन, शेवटी एक चिमुकलं स्टेशन आणि पुढे एकदम समुद्र. मी डबा तसाच बंद केला. (अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी स्टोअर्सचा क्लार्क आहे. माझ्या खिडकीतून ड्रम दिसतात.) ठरवलं, असला समुद्राकाठचा फाटा आपल्या घरात हवा.

आता समुद्र कुठला घ्यायचा? मी मूळचा माणदेशचा, आमच्याकडे पाणी टँकरने येतं. पण किर्तीचं माहेर कोकणातलं खारवणे. तिथे समुद्र आहे, नारळ आहेत, खाडी आहे. नाही ती फक्त आगगाडी. सासरकडून मी आजवर काही म्हणजे काही घेतलं नव्हतं. समुद्र घेतला.

जागेसाठी आतल्या खोलीतल्या बॉक्स बेडच्या फळ्या काढल्या आणि सुताराच्या लाकडी घोड्यांवर टाकल्या.

"आणि आपण झोपायचं कुठे?" किर्ती.

"रेल्वे आली की कोणाला तरी विस्थापित व्हावंच लागतं."

"मग तू हो," ती म्हणाली आणि गादी हॉलमध्ये घेऊन गेली. पण हळूहळू तीच येऊन बघायला लागली. थर्मोकोलचा डोंगर झाला, रंगवलेल्या लाकडी भुशाचं भात उगवलं. तिच्या नव्याकोऱ्या खराट्याच्या काड्यांचे मी नारळ केले तेव्हासुद्धा ती ओरडली नाही. म्हणाली, "आमच्या विहिरीजवळचा माड वाकडा आहे, तो असा सरळ नको." आणि स्वतःच्या बोटाने तिने तो वाकवला. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून तिचं घर उभं केलं. आगपेटीचं. मी स्वतःवर फार खूश होतो. (पुढचं सगळं त्या खुशीत घडलं.)

दुसऱ्या दिवशी कुळगावहून माझे सासरे आले. दौलतराव नोकरीसाठी बदलापूरला आले त्याला जमाना झाला, पण मनाने ते अजून खारवण्यातच पेरणीआधी शेत भाजतात, भाजावळ करतात. त्यांनी चष्मा पुसला, पाठीमागे हात बांधून फळीभोवती एक फेरी मारली.

"जावईबापू, ही गाडी कुठून आणलीत?"

"उल्हासनगरहून."

"ते नव्हे. कोणाच्या वाडीतून आणलीत?"

मी पाहिलं. रूळ त्यांच्या आगपेटीच्या घराला घासून गेले होते.

"माझे माड तोडलेत तुम्ही," ते म्हणाले. "निदान विचारायचं तरी."

"बाबा, खराट्याच्या काड्या आहेत त्या."

"काड्या कोणाच्या का असेनात, वाडी माझी आहे."

सासऱ्यांना नाही म्हणायचं धाडस माझ्यात नाही. मी रूळ उचलले आणि गडग्यापलीकडे टाकले. गडगा म्हणजे दोन वाड्यांमधला दगडी बांध. मी तो बारीक खडीचा केला होता. किर्तीने हौसेने फोटो काढून 'खारवणेकर मंडळी' या ग्रुपवर टाकला, आणि चहा उकळायच्या आत सोनिवलीहून फोन आला.

गडग्यापलीकडची वाडी होती जनाबाईंची.

जनाबाई ही सासऱ्यांची चुलत बहीण. दोघं एका ताटात जेवून मोठी झाली. किर्तीला अंगाखांद्यावर खेळवलं ते या आत्यानेच. पण गडग्यावर एक फणस उगवला, त्याला फणस धरले आणि बहीणभावाचं बोलणं बंद झालं. झाड कोणाचं यावर दोघांनी गाव सोडल्यावरही भांडण सोडलं नव्हतं. एक कुळगावात, दुसरी सोनिवलीत, रिक्षाने जाता येईल एवढं अंतर, पण भाऊबीज नाही. आमच्या वास्तुशांतीला एक येणार म्हणून दुसरी आली नाही. किर्ती यावर कधी बोलायची नाही. फक्त भाऊबीजेच्या दिवशी भांडी जरा जोरात घासायची.

आत्या रिक्षातून उतरून थेट आतल्या खोलीत आल्या.

"जावईबापू, माझ्या फणसावरनं गाडी घातलीत?"

"आत्या, फणस अजून लावलाच नाहीये."

"लावला नाही? म्हणजे झाडच गायब केलंत?"

मी लगेच हिरव्या स्पंजचा फणस लावला. गडग्याच्या बरोब्बर मध्ये. मला वाटलं, केवढा हा मुत्सद्दीपणा!

तेव्हापासून आमच्या घराला मामलेदार कचेरीची कळा आली. सकाळी सासरे येत, "बघू जरा, गाडी कुठवर आली" म्हणत आणि जाताना गडगा बोटभर पलीकडे सरकवून जात. दुपारी आत्या येत, "हा माड बरा झालाय हो" म्हणत आणि गडगा बोटभर अलीकडे घेत. मी ऑफिसातून आलो की खडी रुळांवर आलेली आणि इंजिन भातात उताणं. किर्तीला विचारलं तर ती म्हणाली, "मला वाटलं भूकंप दाखवतोयस."

शेवटी समुद्र ओतायचा दिवस आला. हरेशभाईंनी मला समुद्र दोन डब्यांत दिला होता: एकात रेझिन, दुसऱ्यात ते कडक करणारं औषध. "साईं, बराबर नाप के डालना. ज़्यादा डाला तो फटाफट जम जाएगा." मला फटाफटच हवं होतं. मी रजा टाकली. किर्ती शाळेत शिकवायला गेली होती.

आणि नेमके त्या दिवशी दोघं एकदम आले.

"जावईबापू, त्यांना सांगा, भरतीचं पाणी माझ्या पायरीपर्यंत येतं," सासरे भिंतीकडे बघत म्हणाले.

"जावईबापू, त्यांना म्हणावं, ती पायरी आमच्या आजोबांनी दोघांसाठी बांधली," आत्या खिडकीकडे बघत म्हणाल्या.

मी मध्ये उभा राहून इकडचं तिकडे सांगत होतो. दोघांनाही उत्तम ऐकू येत होतं. सासरे लगेच उत्तर द्यायचे, पण माझं सांगून होईपर्यंत सभ्यपणे थांबायचे.

पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत बघायची म्हणून दोघं खाली बसले. चटई एकच, निम्मी फळीखाली गेलेली. एका टोकाला सासरे लुंगी सावरून, दुसऱ्या टोकाला आत्या, एकमेकांकडे पाठ फिरवून. मी औषध जरा सढळ हाताने घालून समुद्र ओतला. काय सुंदर दिसला म्हणून सांगू! निळा, चकचकीत, तळाशी खरी वाळू. (वाळू शेजारच्या बांधकामावरची.)

"आता जमेपर्यंत हलवायचं नाही," मी म्हणालो.

आपण उठलो तर दुसरा गडगा हलवेल या भीतीने दोघंही बसून राहिले. बसल्या बसल्या सासऱ्यांचा डोळा लागला. मग आत्यांचा. मग, लाजत सांगतो, माझाही.

स्टेशनवरच्या दिव्याची वायर खाली घ्यायला मी फळीला एक भोक पाडलं होतं. ते बुजवायचं राहिलं होतं.

आरडाओरड्याने मी जागा झालो.

"जने! माझी लुंगी सोड!"

"मेल्या, मी कशाला धरू तुझी लुंगी? तूच माझ्या पदरावर बसलायस!"

"मी कुठे बसलोय? मी तर या टोकाला!"

"मग ऊठ की!"

"उठतोय कसला! सोड म्हणतो ना!"

मी वाकून पाहिलं. वर खारवण्याला ओहोटी लागली होती आणि अरबी समुद्र चटईवर उतरून छान जमला होता. सासऱ्यांची लुंगी, आत्यांचा पदर आणि चटई असा एकच काचेसारखा पापड झाला होता. मी चटईला हिसका दिला तर दोघंही एकदम माझ्याकडे सरकले आणि एकमेकांना खेटले.

तेवढ्यात दाराला किल्ली लागली. किर्ती आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. चटईवर बाबा आणि आत्या, मांडीला मांडी लावून. तिच्या हातातली पिशवी खाली पडली, डोळे भरून आले.

"बाबा... आत्या... तुम्ही एकत्र बसलात?"

"बसलो नाही गो," आत्या म्हणाल्या. "तुझ्या घोवानं चिकटवलंय आम्हाला."

किर्तीने सगळा प्रकार पाहिला. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण ती शांतपणे म्हणाली, "कात्री सापडत नाहीये. चहा टाकते." कात्री तिच्यासमोर खुंटीला लटकत होती.

आता चिकटलेल्या माणसांनी चहा पिताना करायचं काय? काही वेळ नुसते फुरके ऐकू आले. समोर फळीवर खारवणे होतं. आत्यांनी बशीनेच दाखवलं, "माड मात्र अगदी तसाच वाकवलाय पोरीनं."

"त्यावरनं तू पडली होतीस," सासरे म्हणाले. माझ्याकडे न बघता, थेट.

"पडले नव्हते. तू ढकलली होतीस."

"बरं, ढकलली होती." मग बशी खाली ठेवून ते म्हणाले, "फणस जरा जास्तच मोठा केलाय जावईबापूंनी. खरा आता एवढा..."

आत्यांनी मान वळवली.

"खरा कुठाय दादा? वादळात आडवा झाला ना तो?"

"तुला ठाऊक होतं?"

"मला त्याच आठवड्यात कळलं. तुला?"

"मलाही."

"मग इतकी वर्षं भांडत कशाला होतास?"

"तू भांडत होतीस म्हणून."

आत्या आधी हसल्या. त्या हसल्या की चटई हलायची, चटई हलली की सासरे हलायचे, आणि मग सासऱ्यांनाही हसू आवरेना. किर्ती ओट्याशी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते आणि ती हसत होती की रडत होती हे मी विचारलं नाही. (माणसाने कधी गप्प बसावं हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं.)

मग कात्री सापडली. लुंगी आणि पदर आम्ही शक्य तेवढे वाचवले, चटई कापली. दोघं जेवूनच गेले, आणि एकाच रिक्षाने. सासरे म्हणाले, "आधी सोनिवलीला घ्या, मग मला सोडा." हे उलटं पडतं, पण रिक्षावाल्याशिवाय कोणाचीच हरकत नव्हती. यंदा भाऊबीज आमच्याकडेच झाली.

त्याच दिवशी मी खारवणे लाइनचं उद्घाटन ठेवलं होतं. नवा समुद्र ओतला होता, या वेळी मोजून. इंजिनाला झेंडूची माळ घातली, स्विच दाबला. गाडी डोंगराआडून आली, भातातून डुलत गेली आणि समुद्रासमोर येऊन थांबली. मी टाळ्यांची वाट पाहू लागलो.

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आवाज फार करते नाही?" आत्या म्हणाल्या.

"हो ना. दुपारचं कोण झोपेल वाडीत?" सासरे म्हणाले. "जावईबापू, आमचं दोघांचं एकमत झालंय. गाडी काढा. खारवण्याला एस.टी. पुरते."

त्या दोघांचं एकमत मोडायचं पाप मी कशाला करू? रूळ काढले. साबणाच्या खोक्याची लाल एस.टी. केली आणि पुठ्ठ्याचे उतारू कापून थांब्यावर, घराच्या पायरीवर उभे केले. एस.टी.ला मोटर नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी मी गुडघ्यांवर बसून ती बोटाने ढकलत नेतो आणि थांबा आला की तोंडाने टिंग टिंग करतो. सासरे आणि आत्या खुर्च्या टाकून बघत बसतात. काल कंपनीतून यायला मला थोडा उशीर झाला, तर आत्यांनी आधी पायरीवरच्या पुठ्ठ्याच्या उतारूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "दादा, कंडक्टर बदलायला हवा."