जीवरक्षकाला वाचवू नये

मला बुडवेल असं पाणी अजून कुठल्या नळाला आलेलं नाही! हे मी मॅनेजरबाईंना तोंडावर सांगितलं. एकोणीस वर्षं मी तरणतलावाच्या पंपघरात क्लोरीन हुंगत काढली. वर लोक मजेत पोहणार आणि खाली मी फिल्टरमधून त्यांचे केस उपसणार! जीवरक्षकाची जागा रिकामी झाली तेव्हाच ठरवलं, छत्रीखालची ती उंच खुर्ची आता माझी.

"परीक्षा द्यावी लागेल," बाई म्हणाल्या. "दोन फेऱ्या पोहायच्या, आणि बुडणाऱ्याला बाहेर काढायचं. नापास झालात तर पंपघर, थेट निवृत्तीपर्यंत."

"तलाव अर्धाच भरा बाई, पाणी रस्त्यावर उडेल!"

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आधी बाथरूमचा नळ गळतोय तो बघा. रोज त्यात घसरता."

पोहणं मला वडिलांनी शिकवलं. त्यांना त्यांच्या मामांनी. एका कुशीवर कलायचं, हात डोक्यावरून फेकायचा. मग दुसरी कूस, दुसरा हात. पाय कात्रीसारखे फाकवून खाडकन मिटायचे. आणि मान सतत पाण्याबाहेर. नाकात थेंब जाईल तर शपथ!

परीक्षा घ्यायला नवा कोच होता. वय सव्वीस, खांदे असे की दारातून आडवा येतो. उथळ बाजूला दहा-बारा आज्या कंबरभर पाण्यात व्यायाम करत होत्या. मी सूर मारला. चार हात मारले नाहीत तोच शिट्टी! मला वाटलं, शाबासकी. जोर वाढवला. शिट्टीवर शिट्टी! आणखी जोर लावला. इतक्यात टाळक्यात दाणकन एक रबरी रिंग आदळली. असतील बुवा परीक्षेत अडथळे! ती बाजूला सारली. मग काठावरून एक लांब दांडा आला. तोही चुकवला.

"अहो धरा, धरा!" आज्या किंचाळल्या.

"धरू काय? पोहू द्या ना!"

तेवढ्यात कोच बुटांसकट पाण्यात! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परीक्षेचा दुसरा भाग सुरू झाला! पोरगा बुडण्याचं नाटक करतोय, आणि काय करतोय! त्यानं माझ्या हनुवटीखाली हात घातला. बुडणारा गळ्यातच पडतो, हे मला पाठ होतं. मी त्याच्या काखेत हात घातला.

"काका, घाबरू नका! अंग सैल सोडा!"

"तूच सोड! मी आहे ना!"

"अहो, मी तुम्हाला वाचवतोय!"

"सगळे बुडणारे असंच बरळतात!"

तो मला शिडीकडे ओढतोय, मी त्याला भिंतीकडे. मधोमध आम्ही वॉशिंग मशीनमधल्या चादरींसारखे गरगरतोय. ताकद त्याची जास्त. पण एकोणीस वर्षं गंजलेले व्हॉल्व्ह फिरवलेत मी! माझी पकड बसली की बसली. तो दोनदा खाली गेला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा म्हणाला, "बरं काका. तुम्ही वाचवा."

काठावर बाई नोंदवही घेऊन उभ्याच. त्यात दोन रकाने : बुडालेला, वाचवणारा.

"बुडत कोण होतं?"

"हे!" कोच म्हणाला.

"हा!" मी म्हणालो.

"बाई, हे नुसते हातपाय झाडत होते!"

"झाडत? अरे, पोहत होतो!"

मग मला बाकावर पालथं झोपवून तेच करून दाखवायला लावलं. कोच बघतच राहिला. "अरे देवा! ही तर ट्रजन, पोहण्याची जुनी पद्धत! पुस्तकात एक परिच्छेद वाचलाय हिच्यावर. काका, आधी लोक बेडकासारखे पोहायचे. मग कुशीवर आले, मग हात पाण्यावरून टाकू लागले. त्यातली ही मधली पायरी. पुढे पाय सरळ करून फडफडवायला लागले, तोंड पाण्यात गेलं, आणि ही शंभर वर्षांपूर्वीच बंद पडली!"

"बंद कोणी केली? मला नोटीस नाही आली! पाणी बदललं का? बदललं असतं तर आधी मला कळलं असतं, क्लोरीन मी टाकतो!"

बाईंनी डोकं धरलं. मग नियम वाचला. दोन फेऱ्या पोहाव्यात, एवढंच लिहिलेलं. कशा, ते नाही. आज्यांना डोळे मिटायला सांगून मी दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. बुडणारा तर मी आधीच बाहेर काढला होता. पास! फक्त भिंतीवर बोर्ड लागला : "जीवरक्षक पोहत असताना त्यांना वाचवू नये."

गेल्या मंगळवारी खोल बाजूला माझ्या पायात गोळा आला. कात्री उघडेना! मी हात हलवले, बोंब ठोकली. आज्यांनी एकमेकींना बोर्ड दाखवला. "चालू द्या तुमचं!" एक जण म्हणाली. तोंड पाण्यात गेलं, पाय काठीसारखे ताठ, ते नुसते फडफडवले, हात वेड्यासारखे फेकले, आणि कसाबसा शिडीला येऊन लटकलो.

काठावर कोच टाळ्या पिटत होता. "वा काका! शेवटी शिकलात! एकदम आजची स्टाइल!"

मी अर्धा तलाव ओकत होतो. तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा आहे. हे नवं पोहणं शोधलं कोणी, पोहणाऱ्यानं की बुडणाऱ्यानं?

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "नळ गळतोय."