चित्राखालची ओळ

पिवळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापताना बाईंना काटकसर नडली. दोन कामांना मिळून एकच पुठ्ठा आणला, एकाच जाड पेनाने लिहिलं, पट्ट्यांच्या मागे एकच चिकटपट्टी लावली आणि रबर घालून दोन गठ्ठे केले. शेजारी शेजारी ठेवल्यावर ते जुळ्या भावंडांसारखे दिसत होते. त्यातला एक शाळेचा होता आणि एक घरचा.

शाळेचा गठ्ठा पाचवीच्या वर्गासाठी होता. माहितीचं पुस्तक कसं वाचावं, हा धडा बाई दरवर्षी शिकवत आणि फार जीव लावून शिकवत. गोष्टीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं, पण माहितीच्या पुस्तकात हवं तिथून शिरायचं. आधी अनुक्रमणिका बघायची, मग शीर्षकं, जाड छापलेले शब्द, मागची सूची. आणि चित्राखालची ओळ कधी सोडायची नाही, कारण चित्रात जे दिसत नाही ते ती ओळ सांगते. त्या गठ्ठ्यातल्या पट्ट्यांवर हेच शब्द होते: शीर्षक, अनुक्रमणिका, ठळक शब्द, तक्ता, शब्दार्थ, सूची. मुलांनी पुस्तकात जागा शोधायची आणि पट्टी चिकटवायची.

खरं तर ही विद्या बाईंची नव्हे, त्यांच्या नवऱ्याची. ते एका मोठ्या ग्रंथालयात ग्रंथपाल होते. बाई तेव्हा कॉलेजात होत्या आणि एका प्रश्नाच्या उत्तरासाठी जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला बसायच्या. हे ग्रंथपालांना पाहवेना. चौथ्या दिवशी ते टेबलापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मागची सूची बघा. अशाने तुम्ही म्हाताऱ्या व्हाल इथे." बाईंनी सूची बघितली, उत्तर मिळालं, आणि तरीही त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिथून लग्न होईपर्यंतचं सगळं हळू आवाजातच झालं.

आता घरच्या गठ्ठ्याचं सांगायला हवं. गेल्या वर्षभरात ग्रंथपालांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. आधी नावं गेली, मग वाटा, मग जेवण झालं की नाही ते. वाचता मात्र अजून झरझर यायचं. म्हणून बाईंनी घरासाठी पट्ट्या केल्या होत्या. 'हा गॅस. हात लावू नका. मावशींना हाक मारा.' 'हे बाहेरचं दार. एकटे जाऊ नका.' 'जेवण झालं आहे. पुन्हा मागू नका.' आणि भिंतीवरच्या फोटोखाली लावायला एक: 'ही मी. तुमची बायको. पाच वाजता येते. घाबरू नका.' ही शेवटची लिहायला बाईंना सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण अलीकडे सकाळी उठल्यावर ते त्यांना अदबीने विचारत, "आपण कोण?"

हे सगळं नेमकं सोमवारपर्यंत तयार हवं होतं. सोमवारी शाळेत तपासणीचे साहेब येणार होते आणि त्याच दिवशी घरी वन्सं येणार होत्या. वन्सं म्हणजे ग्रंथपालांची थोरली बहीण. त्यांनी आपल्या गावातल्या एका आश्रमात भावासाठी खोली बघून ठेवली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जोवर तो तुला ओळखतोय तोवर त्याला तुझ्यापाशी ठेव. ओळखतच नसेल, तर दिवसभर दार लावून घरी ठेवण्यात कुणाचं भलं आहे? बाई रागावल्या आणि पट्ट्या लिहायला बसल्या.

सोमवारी सकाळी घाईत बाईंनी एक गठ्ठा मावशींच्या हातात दिला. मावशी स्वयंपाकाला आणि ग्रंथपालांवर लक्ष ठेवायला दिवसभर घरी थांबत. "जिथली तिथे लावा, यांनाही मदतीला घ्या," असं सांगून बाईंनी दुसरा गठ्ठा पिशवीत टाकला आणि निघाल्या. गठ्ठे बदलले होते, हे वाचकांना आता वेगळं सांगायला नको.

तपासणीच्या साहेबांचं एक मत होतं. शिक्षकाने शिकवू नये. साहित्य द्यावं, मागे जाऊन बसावं आणि तोंड उघडू नये, मुलं आपली आपण शिकतात. त्यामुळे बाईंनी फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं: 'पट्टी वाचा. पुस्तकात तिची जागा शोधा. चिकटवा. बाईंना विचारू नका.' दुपारच्या तासाला साहेब आले आणि फळा वाचून खूश झाले. वर्गाच्या मॉनिटरने गठ्ठ्याचं रबर काढून पाचही गटांना एकेक पुस्तक आणि पट्ट्या वाटल्या आणि बाई शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या.

आपल्या मुलांचं एक वैशिष्ट्य आहे. मोठ्यांनी लिहिलेलं वाक्य कितीही वेडगळ असलं, तरी ती त्याला जागा शोधून देतात. ज्वालामुखीच्या गटाने पट्टी वाचली, धगधगत्या डोंगराचं चित्र बघितलं आणि त्याच्याखाली बिनदिक्कत चिकटवलं: 'हा गॅस. हात लावू नका. मावशींना हाक मारा.' सापांच्या पुस्तकात एका अजगराचं पोट टम्म फुगलेलं होतं. त्याच्याखाली गेलं, 'जेवण झालं आहे. पुन्हा मागू नका.' अंतराळवीर यानातून बाहेर पाऊल टाकत होता, त्याला मुलांनी बजावलं, 'हे बाहेरचं दार. एकटे जाऊ नका.' शरीराचं पुस्तक मिळालेल्या गटाकडे 'संडास इकडे, दिवा डावीकडे' ही पट्टी आली होती. त्यांनी खुसुखुसु हसत थोडी चर्चा केली आणि ती अगदी योग्य ठिकाणी लावली.

साहेब बाकांमधून फिरत होते. अजगरापाशी ते थांबले, वाचलं आणि हसले. त्यांना वाटलं, ओळी मुलांनीच रचल्या आहेत. "नेमकं लिहिलंय. पाल्हाळ नाही," असं ते सोबत आलेल्या मुख्याध्यापिकांच्या कानात म्हणाले. शेवटच्या बाकावर बाईंना एवढंच दिसत होतं की सगळं छान चाललंय.

मधमाश्यांच्या गटात मात्र भांडण लागलं होतं. त्यांची पट्टी राणीमाशीखाली लावावी, असं तिघांचं मत होतं. चौथी मुलगी तयार नव्हती. तिला वर्गात शंकासूर म्हणत. तिने पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं, मग पट्टी घेऊन उठली. बाईंना विचारायचं नाही, हे फळ्यावर लिहिलेलंच होतं. म्हणून ती साहेबांकडे गेली.

"सर, या ओळीचं चित्र या पुस्तकात नाहीये."

"नीट बघितलंस का?"

"हो. सूचीत पण बघितलं. बाई सांगतात, ओळ कुठल्याच चित्राशी जुळली नाही, तर ती दुसऱ्या पुस्तकातली असते."

साहेबांनी चष्मा लावून ओळ मोठ्याने वाचली. "ही मी. तुमची बायको. पाच वाजता येते. घाबरू नका."

वर्ग हसला. हसायचंच वाक्य होतं ते. बाई उभ्या राहिल्या. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग ते मागे वळले आणि गॅसची ओळ पुन्हा वाचली, दाराची वाचली, अजगराची वाचली. या वेळी त्यांना हसू आलं नाही.

"घरी कोण असतं, बाई?"

"आमचे हे."

"तुम्ही जा. वर्ग मी बघतो."

बाईंनी शंकासुराच्या हातून ती पट्टी घेतली आणि निघाल्या. बाकीच्या पट्ट्या त्यांनी मुलांना सोडवून ठेवायला सांगितल्या होत्या, पण गॅसच्या पट्टीबरोबर ज्वालामुखीचं अर्धं तोंडही निघून आलं. कित्येक वर्षांनी शिकवायला उभे राहिलेले साहेब त्यानंतर तासभर बोलत होते, आणि शिक्षकाने तोंड उघडू नये या मताची त्यांना एकदाही आठवण झाली नाही.

बाई धापा टाकत जिना चढल्या. दारावर पट्टी होती: शीर्षक. आत चपलांच्या मांडणीवर अनुक्रमणिका. घरात कोण कोण आहे ते चपलांवरून कळतं, तेव्हा ते बरोबरच होतं. कॅलेंडरवर तक्ता. औषधांच्या डब्यावर शब्दार्थ. मावशींनी स्वयंपाकाच्या नादात गठ्ठा ग्रंथपालांच्याच हाती दिला होता आणि त्यांनी सकाळभर घर लावलं होतं. मावशी सांगत होत्या, "ताई, आज एकदापण दाराकडे गेले नाहीत. गाणं म्हणत होते."

सोफ्यावर वन्सं बसल्या होत्या. त्यांचा आवाज पहिल्यापासून खणखणीत. त्यांच्या खांद्यावर 'ठळक शब्द' ही पट्टी होती आणि तिच्याबद्दल त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. आल्या आल्या भावाने तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं, कारण लोक वाचत होते. पायापाशी ग्रंथपालांची बॅग भरून तयार होती. खाली गाडी उभी होती.

"घराचं हे काय करून ठेवलंय बघ," वन्सं म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. तो खाली आला की जास्त भीती वाटे. "खरं सांग. तो तुला ओळखतो?"

ग्रंथपाल खिडकीशी उभे होते. त्यांनी बाईंकडे बघून मान लववली. ग्रंथालयात नव्या माणसाला बघून लववायचे तशी. बाईंना रडू फुटलं. काहीतरी हाताला चाळा हवा म्हणून त्या भिंतीपाशी गेल्या आणि शाळेतून आणलेली पट्टी फोटोखाली चिकटवली. फोटो लग्नाच्या वर्षीचा. त्यातल्या बाई सडपातळ, दोन वेण्या, हातात पुस्तक.

ग्रंथपाल लगेच जवळ आले. छापील असो की हाती लिहिलेलं, ओळ दिसली की त्यांना वाचल्याशिवाय राहवत नसे. त्यांनी ओळ वाचली, मग चित्र बघितलं, मग पुन्हा ओळ. चेहरा हळूहळू उजळला.

"चल," वन्सं उठल्या. "गाडीवाला खोळंबलाय."

"छे," ग्रंथपाल म्हणाले. "बायको पाचला येते माझी. ती आल्याशिवाय कसा निघू? घाबरेल ती."

वन्सं पुन्हा खाली बसल्या. बायको शेजारीच उभी आहे, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी नुसती मान हलवली आणि त्या ठळक आवाजाच्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं.

"तुम्हीही बसा ना," ग्रंथपाल बाईंना म्हणाले. "भेटूनच जा तिला."

बाई बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कशी आहे हो ती?"

ग्रंथपालांनी विचार केला. "पुस्तक पहिल्या पानापासून वाचते. कितीही सांगा, ऐकत नाही." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मला वाटतं, ती मुद्दाम करायची. रोज येता यावं म्हणून."

हे त्यांनी तीस-पस्तीस वर्षांत कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज ते एका परक्या बाईला सांगितलं. बाईंनी पदर तोंडाला लावला. वन्सं खिडकीत गेल्या आणि गाडीवाल्याला हाताने जा म्हणाल्या. परत येताना त्यांनी बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. "पुढच्या महिन्यात बघू," एवढंच बोलल्या. पुढच्या महिन्यातही हाच प्रश्न असणार होता, हे दोघींनाही माहीत होतं.

ग्रंथपालांची नजर घड्याळावर होती. पाचाला थोडं कमी असताना ते उठले, केसांवरून हात फिरवला आणि दारासमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. बाईंनी ते बघितलं. पाच वाजतील, सव्वापाच होतील, ते वाट बघत राहतील. त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या. "निघते मी," म्हणाल्या. ग्रंथपालांनी दार उघडून दिलं आणि वाईट वाटल्यासारखा चेहरा केला.

जिन्याच्या वळणावर बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. समोरच्या घरातली माणसं वर जाताना काय झालं म्हणून विचारून गेली. काही नाही, शाळेतून येतेय, असं त्यांनी सांगितलं. डोळे पुसले, चेहरा सारखा केला आणि वर जाऊन बेल वाजवली.

दार लगेच उघडलं. ग्रंथपालांनी त्यांच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मागे घड्याळाकडे बघितलं.

"आलीस? अगं, एक बाई कितीतरी वेळ थांबल्या होत्या तुझ्यासाठी. आत्ताच गेल्या. थोडक्यात चुकामूक झाली बघ."

"येतील उद्या परत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चपला काढून अनुक्रमणिकेत ठेवल्या.