नेत्रा बघायला लागली

जीवनने आपल्या पोरीला लेखनाच्या कार्यशाळेला पाठवलं ते निव्वळ मोबाइलपासून तिची सुटका व्हावी म्हणून. साहित्याशी त्याचं वैर नव्हतं, तशी ओळखही नव्हती. वडपे गावच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझरची ड्युटी करणाऱ्या माणसाने वाचायचं ते खोक्यावरचं 'ही बाजू वर' एवढंच. (आणि तेवढं वाचूनही खोकी उलटीच लागायची, ती गोष्ट वेगळी.)

नेत्रा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पोरगी बोलकी. घरात पाऊल टाकायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. कॉलेजात कार्यशाळेची नोटीस लागली तेव्हा तिने नाकच मुरडलं.

"पप्पा, दिवसभर बसून कोण लिहील? बोअर!"

"जा गं. सर्टिफिकेट भेटतं. जेवण पण भेटतं. आन् मोबाइल बाहेर ठेवायला लावतात."

यातलं शेवटचं त्याने स्वतःच्या मनाने जोडलं होतं. पण नेत्रा गेली.

पहिल्या दिवशी ती पुलावाला नावं ठेवत आली. दुसऱ्या दिवशी काही न बोलता आली. शेवटच्या दिवशी दारातच थांबली आणि परक्याच्या घरी आल्यासारखी आपल्याच घराकडे बघत राहिली. छताकडे, देव्हाऱ्याकडे, मग जीवनकडे.

"काय गं?"

"काही नाही. बघते."

त्या दिवसापासून ती बघायलाच लागली.

आधी कॉलेजचं भित्तिपत्रक, मग दर शनिवारी कथावाचन, मग कुठलंसं लेखक-मंडळ. एकाही कार्यक्रमाला दांडी नाही. मोबाइल सुटला हे खरं. इयरफोन ड्रॉवरमध्ये गेले. पण त्याबरोबर पोरीचं बोलणंही गेलं, आणि बदल्यात जे आलं त्याने जीवनची झोप उडाली.

तो जेवायला बसला की ती समोर बसायची. स्वतः जेवायची नाही. नुसती बघायची.

"पप्पा, घास गिळायच्या आधी तुम्ही डोळे मिटता."

"मिटत असंन."

"आजीपण मिटायची."

जीवनच्या घशात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. त्याची आई आनंदीबाई जाऊन वर्षं झाली होती. त्यानंतर त्याने डोळे उघडे ठेवून गिळायचा प्रयत्न केला. (करून बघा. घास नाकात जातो.)

बायकोला, रंजिताला, नेत्राने एकदा भाजी चिरता चिरता विचारलं, "आई, माणूस गेल्यावर त्याच्या गोधडीचा वास किती दिवस राहतो?" रंजिता म्हणाली, "बाई, धुतली की जातो," आणि कांदा चिरत राहिली. रंजिता अशीच. घरात वाघ आला तरी आधी 'पाय पुसून ये' म्हणेल. भ्यायचं सगळं काम लग्नापासून जीवनकडेच होतं.

त्यांचं घर नारपोलीत. चारी बाजूंना कापड विणणारे लूम. दिवसभर खटखट, रात्रभर खटखट. ती कुणाला ऐकूही येत नाही इतकी अंगवळणी पडलेली. मात्र लाइट गेली की सगळे लूम एका दमात थांबतात, आणि मग जी शांतता पडते ती कानावर हात मारल्यासारखी पडते. अशीच एकदा संध्याकाळी लाइट गेली. बाहेर कोणीतरी "अरे यार, फिर गया!" म्हणून ओरडलं आणि गल्ली चिडीचूप झाली. नेत्रा खिडकीत उभी होती.

"आता ऐका," ती म्हणाली.

"काय ऐकू?"

"इतका वेळ खटखटीच्या खाली जे चाललेलं असतं ते."

जीवनने ऐकलं. आणि त्याला शपथेवर सांगावं इतकं स्पष्ट वाटलं की मागच्या बंद गाळ्यात कोणीतरी पाय घासत चाललंय.

तो गाळा त्यांचाच. एके काळी तिथे दोन लूम होते. आनंदीबाई स्टुलावर बसून त्यांच्यावर देखरेख करायची आणि कामगारांना मराठीत शिव्या द्यायची. ते हिंदीत माफी मागायचे. धंदा बसला, लूम भंगारात गेले. आता तिथे फरशीवरचे तेलाचे डाग होते आणि आनंदीबाईचं स्टूल.

आणि आता रोज दिवेलागणीला नेत्रा तिथे जाऊन बसायला लागली. दार ओढून.

गोडाऊनमध्ये जीवनने हे लडकूला सांगितलं. लडकू ट्रकांची नोंद घ्यायचा आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे निदान तयार असायचं.

"सुपरवायझर, पोरगी एकटी बसते?"

"हा."

"कोनाशी बोलते?"

"दाराला कान नाय लावला."

"लावा. आवाज तिचाच असंल तर काय न्हाय."

जीवनला हा सल्ला फार शहाणपणाचा वाटला. त्याच संध्याकाळी त्याने चपला काढून बाहेर ठेवल्या (आवाज नको म्हणून) आणि गाळ्याच्या दाराला कान लावला.

आत कोणीतरी खोकलं. दोन छोटे खोकले, मग एक लांब. हा खोकला त्याने जन्मभर ऐकला होता.

मग आवाज आला. नेत्राचा नव्हता. जाडसर, घसा बसल्यासारखा, शब्द ओढत बोलणारा.

"जिव्या... चपला आत घे रं. कोनीतरी घालून जाईल."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आनंदीबाईचा शेवटचा श्वास गेला तेव्हा तिच्यापाशी एकटा जीवन होता. भावकीने विचारलं, "म्हातारी जाताना काय बोलली?" जीवनने सांगितलं, "सगल्यांना सांभाल म्हनाली." ऐकून बाया रडल्या. खरं म्हणजे म्हातारी डोळे उघडून दाराकडे बघत वरचं चपलांचं वाक्य बोलली होती आणि गेली होती. आता तेराव्याला जमलेल्या माणसांना हे कसं सांगणार? त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. रंजितालासुद्धा नाही. या जगात ते वाक्य फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातली एक वारली होती.

जीवन पळाला. अनवाणी पळाला. पुढच्या दाराने घरात शिरला, टीव्हीचा आवाज मोठा केला आणि हिंदी मालिका डोळे फाडून बघत बसला. सकाळी उठला तर त्याच्या चपला घरात होत्या. पलंगाच्या पायाशी, जोडीने, नीट लावलेल्या.

मग मात्र त्याने नवशाला गाठलं.

नवशा डोंगराकडच्या पाड्यावरचा. दिवसा गोडाऊनमध्ये माल चढवायचा. पाड्यावर मात्र तो भगत होता. लोक लांबून त्याच्याकडे भूत उतरवायला यायचे. एरवी जीवन त्याच्यावर खेकसायचा, आज त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नवशा, घरी येतोस का? जरा बघायचं हाय."

"शिफ्ट संपल्यावर येतू साहेब," नवशा म्हणाला. "नारळ तुमी घ्या."

नारळ, तांदूळ, लिंबू घेऊन दोघे संध्याकाळी गाळ्यापाशी आले. नवशाने दारात तांदूळ टाकले, काही पुटपुटला आणि दार ढकललं. नेमकी तेव्हाच लाइट गेली. आजूबाजूचे लूम थांबले. त्या भयाण शांततेत, कवडशाएवढ्या उजेडात, आनंदीबाईच्या स्टुलावर आनंदीबाईची शाल पांघरून कोणीतरी पाठमोरं बसलं होतं.

जीवनने नवशाचा हात धरला. नवशाने जीवनचा धरला.

ती आकृती सावकाश वळली. नेत्राच होती. ती दचकली नाही, ओरडली नाही. तिने नवशाकडे बघायला सुरुवात केली. पायापासून.

"बसा ना काका," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही भगत आहात? घाबरल्यावर तुमचा डावा हात मुठीत जातो. आत्ता गेला. नेहमी जातो का?"

नवशाने हाताकडे पाहिलं. मूठ खरंच वळलेली होती.

"भूत दिसत नाही तेव्हा लोकांना काय सांगता?"

नवशाने तो हात पाठीमागे घेतला.

"आणि तुम्हाला स्वतःला कोणी झाडतं का? तुम्ही कोणाकडे जाता?"

नवशाचा चेहरा उतरला. आजवर त्याने शेकडो लोकांकडे रोखून पाहिलं असेल. त्याच्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. तो दोन पावलं मागे सरकला, नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि बाहेर पडला. जीवन मागे धावला.

"नवशा! काय लागलंय तिला?"

"तिला काय न्हाय लागला साहेब," नवशा न थांबता म्हणाला. "तीच लोकांना लागतं. मना उद्या रजा द्या."

भगतच रजेवर गेल्यावर माणसाने करायचं काय? जीवनने घरात येऊन जाहीर केलं, "उद्यापासून कॉलेज बंद! तिला आत्याकडं राहनाळला पाठवायची."

रंजिता तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली.

"का?"

जीवनने सगळं सांगितलं. गाळा, खोकला, आवाज, शाल, नवशा. चपलांचं वाक्य तेवढं गाळलं. रंजिता ऐकता ऐकता लाल झाली आणि मग इतकी हसली की निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एक झाले.

"अवो, शनिवारी कॉलेजात मोठा कार्यक्रम हाय. तिची गोष्ट निवडलीय. सासूबाईंवर लिहिलीय तिनं, त्यांच्या आवाजात वाचायचीय. घरात तुमचा टीव्ही, म्हणून गाळ्यात प्रॅक्टिस करते. शाल मीच काढून दिली."

"आन् माझ्या चपला? त्या तूच आत आणल्यास ना?"

"कुठल्या चपला?" रंजिता म्हणाली.

जीवन पाय वर घेऊन बसला.

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात गेला. पोरीला कॉलेजातून काढायचं की ठेवायचं ते ऐकल्यावर ठरवायचं, असं त्याने रंजिताला बजावलं होतं. हॉल भरलेला. नेत्रा शाल घेऊन माइकपाशी आली, सगळ्यांकडे एकवार बघितलं आणि खोकली. दोन छोटे, एक लांब.

मग आनंदीबाई बोलायला लागली. याला दुसरा शब्द नाही. भिंतीवरच्या स्पीकरमधून ती लूमवाल्यांना झापत होती, रंजिताला भाकरी थापायला शिकवत होती, कोरड्या विहिरीत डोकावून हाका मारत होती. हॉलमधली पोरं आधी हसली, मग हसायची थांबली. गोष्टीत रंजिता होती, गल्लीतले लोक होते, काल-परवाच पळालेला भगतही होता. शेवटी म्हातारी खाटेवर आली, दाराकडे बघितलं आणि चपलांचं ते वाक्य बोलली.

पुढच्या रांगेतल्या दोन पोरी मागे वळून दाराकडे बघायला लागल्या. जीवन रडत होता. आई गेली त्या दिवशी त्याला मंडप, माणसं, चहा बघायचा होता, रडायला सवडच मिळाली नव्हती. ते सगळं आज निघालं. रंजिताने पदर पुढे केला.

बाहेर पडल्यावर त्याने नेत्राला बाजूला घेतलं.

"बाय, ते चपलांचं तुला कोनी सांगितलं?"

"कोणी नाही. सुचलं. पप्पा, सगळे 'सांभाळून राहा' असलंच लिहितात. मला वाटलं, आजी असं काही म्हणणार नाही. ती दाराकडेच बघेल." ती त्याच्याकडे बघायला लागली. "का? काय झालं?"

"काय न्हाय," जीवन म्हणाला. त्याच्या अंगावरचा काटा जायला तयार नव्हता. पण तिथे गर्दीत, पोरीचं कौतुक करायला आलेल्या माणसांच्या मधे, त्याला एकदम अभिमानही वाटला. कॉलेज बंद करायचा विषय त्याने मनातल्या मनात मिटवला आणि आता हक्काने विचारावं असं काहीतरी विचारलं.

"गोष्ट लय भारी होती. खरंच. पन सगले होते गं तिच्यात. म्हातारीचा मुलगाच कुठं दिसला न्हाय?"

"होता ना पप्पा! आधी तर चार पानं तुमचीच होती. टीव्ही लावून बसणं, दाराला कान लावणं, सगळं."

"मंग?"

नेत्रा जरा अवघडली.

"कार्यशाळेच्या मॅडमनी काढायला लावली. म्हणाल्या, बाकी सगळं पटतं, भूतसुद्धा पटतं. हा एक बाप काही खरा वाटत नाही."