शकीलभाईंचा उघडा फासा

शकीलभाईंशी बोलताना आपला चष्मा सांभाळावा. बोलता बोलता हा माणूस सरळ तुमच्या नाकावरून तो काढतो, "धब्बा है" म्हणतो आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागतो. उस्मानपुऱ्यात चष्म्यांचं दुकान आहे, मान्य. पण म्हणून दिसेल ते नाक आपलंच? मी तर त्यांना पाहिलं की मागं सरायचो.

दुकानाच्या माडीवर रविवारी त्यांचा खेळ चालतो. टेबलाभोवती बसून गोष्ट रचायची. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, शकीलभाईंनी संकटं आणायची, आणि सोंग वाचलं की मेलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. फासा स्टीलच्या ताटात, सगळ्यांसमोर पडला पाहिजे. मग कोणी कितीही गयावया करो, शकीलभाई म्हणणार, "जो गिरा सो गिरा, मियाँ." एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचा राजा विंचू चावून मेला. मेव्हणा न जेवताच घरी गेला.

याच फाशावरून त्यांचं खेळातल्याच मंदार जोशीशी वाजलं. जोशीचं म्हणणं, गोष्ट महत्त्वाची. खेळवणाऱ्यानं पुठ्ठ्याआड फासा टाकावा आणि वेळ आली तर वाचवावं एखाद्याला. शकीलभाईंच्या लेखी ही निव्वळ बेइमानी. गट फुटला. इकडं फासेवाले, तिकडं गोष्टवाले. जोशीनं क्रांती चौकात आपल्या घरी वेगळी बैठक मांडली. ईदेचा शिरखुर्मा बंद, दिवाळीचा फराळ बंद. गल्लीला वाटलं, धर्मावरून काही झालं. छे हो, फाशावरून!

आई गेल्यावर माझे वडील, नाना, बोलायचेच थांबले. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस दिवसभर भिंतीकडं बघत बसायचा. एका रविवारी शकीलभाई आले, नानांचा चष्मा काढला आणि पुसत पुसत चालायला लागले. नाना बिचारे चष्म्यामागं चालत माडीवर पोहोचले. तिथं त्यांनी सोंग घेतलं चिंगी चोरटीचं. आणि चिंगी जी बोलायला लागली, लई बोलली! हळूहळू नाना घरीही भाजीत मीठ कमी आहे म्हणायला लागले. मला ते ऐकून रडू आलं होतं.

नानांच्या वाढदिवसाला माडीवर जोशीही आला. त्यांचाच विद्यार्थी, नाही कसं म्हणणार? त्या दिवशी चिंगीनं देवगिरीच्या तटावरून खंदकात उडी टाकली. पंधराच्या वर पडलं तर जगणार. चिंगी मेली की नाना परत त्या भिंतीकडं जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

खणकन फासा पडला. दोन.

नानांनी वाकून ताटात बघायच्या आत त्यांचा चष्मा शकीलभाईंच्या हातात होता.

"धब्बा है, सर." पुसता पुसता, ताटाकडं न बघता, ते म्हणाले, "अठारा."

आता जोशी बोलणार. एवढ्या दिवसांचं उट्टं आयतं ताटात वाढलेलं.

जोशी वाकला, नीट बघितलं. "हो सर, अठराच," म्हणाला आणि फासा उचलून मुठीत घेतला.

जिना उतरताना मी शकीलभाईंचे हात धरले. "जो गिरा सो गिरा," ते पुटपुटले, पण माझ्याकडं बघितलं नाही. रिक्षात घरापर्यंत चिंगीची बडबड चालू होती.

ते दोघं अजूनही फाशावरून तावातावानं भांडतात. मात्र ईदेला शिरखुर्म्याचा डबा क्रांती चौकात जातो.

आणि मी? शकीलभाई दिसले की आता मागं सरत नाही. चष्मा स्वच्छ असला तरी नाक पुढं करतो.