आत्याचे तीन प्रश्न

मी बनवलेली वस्तू बंद पडत नाही. वीज जाऊ दे, गर्दी होऊ दे, ती चालूच राहते! पैशाच्या संग्रहालयाच्या संचालकबाईंना हे मी छातीठोकपणे सांगितलं होतं. तेवढं सांगायला नको होतं.

मुलांना पैशाची समज यावी म्हणून हे संग्रहालय. तिथले आवाजाचे, दिव्यांचे, पडद्यांचे खेळ मी बनवते. त्यातला माझा लाडका खेळ म्हणजे ‘थांबा दुकान’. काउंटरवर खोट्या वस्तू मांडलेल्या. मुलानं हात पुढे केला की वरचा सेन्सर तो टिपतो आणि माझ्या आत्याचा आवाज येतो.

आत्यानं तीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलं आणि त्यातच मला वाढवलं. मी काही मागितलं की तिचे तीन प्रश्न ठरलेले. घरात आहे का? नसलं तर अडतंय का? अडत असेल तर आठवडाभर थांबून बघितलंस का? गिऱ्हाइकांनाही ती हेच विचारायची. तरी दुकान चाललं कसं, देव जाणे.

रेकॉर्डिंगला ती पावडर लावून आली.

“अगं आत्या, फक्त आवाज घ्यायचाय.”

“आवाजातसुद्धा कळतं,” ती म्हणाली.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मला तर आनंदानं जेवण जाईना. पहिलं दालन ज्यांच्या देणगीतून झालं, ते सत्तरीचे काका आज दुसऱ्या दालनाच्या कागदांवर सही करणार होते. दुसरं दालन म्हणजे माझं वर्षभराचं काम! त्या भरात मी त्यासाठी आदल्या दिवशीच भिंतीएवढा टचस्क्रीन विकत घेऊन घरी आणून ठेवला होता.

“सही या काउंटरवर करा, इथे उजेड झकास आहे,” फोटोग्राफर म्हणाला.

काकांनी पेनचं टोपण काढलं. हात पुढे केला.

“घरात आहे का, बाळा?”

काका दचकले. इकडेतिकडे बघून प्रामाणिकपणे म्हणाले, “आहे. एक दालन आहे.”

मी धावत जाऊन प्लग उपटला. काकांनी पुन्हा हात पुढे केला.

“नसलं तर अडतंय का?”

आवाज बंद होईलच कसा? वीज गेली तरी चालावं म्हणून आत बॅटरी मीच बसवली होती. आठ स्क्रू लावून!

“अडतंय का हो?” काकांनी संचालकबाईंना विचारलं.

“तसं अडत नाही, पण...” बाई गडबडल्या.

मी काउंटरखाली शिरले. दोन स्क्रू निघाले, तिसरा फिरेना. वरून आत्याचा आवाज विचारतच होता, “अडत असेल तर आठवडाभर थांबून बघितलंस का, बाळा?”

“नाही बघितलं,” काका म्हणाले आणि त्यांनी टोपण लावलं. “आठवडाभर थांबतो.”

पहिल्या रांगेत बसलेली खरी आत्या एकटीच टाळ्या वाजवत होती.

तो आठवडा मी कसा काढला, ते माझ्या नखांना विचारा. आठव्या दिवशी संचालकबाईंचा फोन आला.

“सही झाली! काका म्हणाले, आजवर सगळ्यांनी माझ्या हातात पेन कोंबलं, थांब म्हणणारी ही पहिलीच. काम तुमच्याकडेच आहे.”

मी घरभर नाचले. म्हणजे जागा होती तेवढ्यात नाचले.

“एकच अट आहे,” बाई पुढे म्हणाल्या. “दालनात स्क्रीन नको. मुलं घरी तेच बघतात. नुसते आवाज हवेत, तुमच्या आत्यांसारखे.”

मी फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत टचस्क्रीनचं ते भलं मोठं खोकं दार अडवून उभं होतं. आत्या अंग चोरून त्याच्या बाजूनं आत आली. तिनं खोक्यावर टकटक केलं आणि माझ्याकडे बघितलं.

“किती दिवस थांबली होतीस, बाळा?”

घेतलेला माल दुकानदार परत घेत नाही. मी विचारून बघितलं.