केसाळ पूर्वज ट्रेडमिलवर

विज्ञान संग्रहालयातलं दालनप्रमुखाचं पद माझ्या खिशात होतं! निदान रविवार सकाळपर्यंत.

साहेब म्हणाले होते, "माणसाच्या अंगावरचे केस का गेले, ते लोकांना पटवून दाखवा. पद तुमचं!"

हात्तिच्या! हा विषय तर मी झोपेतही बोलतो. बायको साक्षीदार आहे. ती दुसऱ्या खोलीत झोपते.

योजना फक्कड होती. दोन ट्रेडमिल. एकावर मेहुणा, अर्ध्या चड्डीत, सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत. दुसऱ्यावर मी, नखशिखांत केसाळ पूर्वजाच्या पोशाखात. मी तापणार, तो गार राहणार. विज्ञान सिद्ध!

मुद्दा पहिला. "मित्रहो, आपले पूर्वज उघड्या माळावर, भर उन्हात मैलोन्‌मैल चालू-पळू लागले. केस कमी असले की घाम चटकन वाळतो. घाम वाळला की अंग गार! म्हणून केस गेले, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात."

टाळ्या. मेहुणा शीळ घालत पळत होता.

मुद्दा दुसरा. "शिवाय केसांत उवा, पिसवा, गोचिडी..."

इथं मला खरोखरच खाज सुटली. पोशाख गोदामातून आणला होता. त्यात आधीपासून कोण राहत होतं, देव जाणे! मी कराकरा खाजवू लागलो.

"काय हुबेहूब करतोय!" लोक खूश.

आत मी उकडून निघत होतो. मी पोशाखाची चेन खाली ओढली. अडकली. कशात? सांगतो, पण हसू नका. माझ्याच छातीच्या केसांत! शर्टाचं वरचं बटण लावलं तरी बाहेर डोकावतात, असे केस आहेत ते.

"ओय ओय ओय!"

टाळ्या!

"अरे, मशीन थांबव!"

"भावोजी, थोडं अजून! लोक रंगलेत!"

"मेलो रे!"

"बघा," पहिल्या रांगेतून साहेब शेजाऱ्याला म्हणाले, "माणूस भूमिकेत कसा झोकून देतो!"

मुद्दा तिसरा झाला नाही. तोवर मी आडवा झालो होतो.

डोळे उघडले तर बायको मोठी कात्री घेऊन माझ्यावर वाकलेली. माझं खरं ओरडणं ओळखणारी सभागृहात ती एकटीच!

"अहो, हलू नका, भलतंच कापलं जाईल!"

तिनं पोशाख गळ्यापासून पोटापर्यंत उघडा केला. एक चिमुरडी किंचाळली, "आई! याच्या आत अजून एक आहे!"

"तोही काढा," मागून कुणीतरी म्हणालं. "गुदमरेल बिचारा!"

"निघत नाही हो," बायको म्हणाली. "लग्नापासून बघतेय."

एका आजोबांनी हात वर केला. "एक शंका. केस गेले म्हणालात ना? मग हे काय?"

"आजोबा," मी पडल्यापडल्या म्हणालो, "मी... सरासरीचं बोलत होतो."

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बराच वेळ ते माझ्या मनगटांकडे बघत राहिले.

"व्याख्यान उत्तम. पण कसं आहे, दालनाचं नाव 'उत्क्रांती'. आणि दारात स्वागताला तुम्ही! लोकांना पटायचं कसं?"

पद जीवाश्म विभागातल्या बाईंना मिळालं. मला दर रविवारी केसाळ पूर्वजाचा खेळ मिळाला.

पोशाखाशिवाय.